जाळी काढली गेली असावी

बुवापाडा, अंबरनाथ
१२ जानेवारी २०२४

ती. रामभाऊ काकांस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र मिलिंददादाने डब्याच्या पिशवीतून आणून दिलं. पाकिटाला लोणच्याचं तेल लागलं होतं, अक्षर मात्र शाबूत आहे. आपण काका-पुतणे अजून पत्रं लिहितो म्हणून ऑफिसात हसतात. मी सांगतो, की काकांची सगळी नोकरी याच कंपनीत, आज त्यांचा मुलगा मिलिंददादा चालवतो त्या रबराच्या रोलरशेजारी गेली. आता त्यांना फोनवरचं ऐकू येत नाही आणि मोबाइलची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. शिवाय दादासारखा फुकटचा पोस्टमन कोणाला मिळतो?

बातमी अशी, की मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये संध्याकाळचा इंग्रजीचा क्लास लावला होता. खाली जीन्सचा कारखाना, त्याची मशिनं सुरू झाली की वर आमचे बाक थरथरतात. कॉलेज अर्धवट सुटलं ते सुटलं, ऑफिसची पत्रं तरी नीट लिहावीत. स्पेलिंग माझं चुकत नाही, पण जिज्ञासा मॅडम म्हणाल्या, की माझी वाक्यं दगडासारखी लागतात. मी हेड ऑफिसला लिहिलं होतं, तुमचं बिल चुकलंय. मॅडमनी ते करून दिलं, बिलात काही फरक राहिला असावा असं वाटतं. इट सीम्स, परहॅप्स, मे हॅव बीन. असे शब्द घातले की समोरच्याचा मान राहतो. किती सभ्य भाषा आहे, काका! आपण 'विनंती विशेष' लिहितो, तसंच ते. साहेबांनी सुटीची वेळ पुढे नेल्यामुळे क्लास मध्येच सोडावा लागला, पण मुख्य गोष्ट हाती लागली. आता मी प्रत्येक पत्रात घालतो.

काकूंना जयभीम. लोभ आहेच, तो वाढावा.
आपला,
विक्रांत

बदलापूर
२० जानेवारी २०२४

चि. विक्रांत यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्याला सांगा, मुलीकडच्यांना 'पसंत असावी असं वाटतं' कळवू नको, नाहीतर जन्मभर हातानेच भाकरी थापशील.

मी युनियनचा माणूस. सभेत कोणी असावं-नसावं करायला लागला, की आम्ही त्याचा शर्ट ओढून खाली बसवायचो. उद्या कंपनीला आग लागली तर 'धूर येत असावा' म्हणून कागद लिहीत बसशील काय रे? चिडवतोय, राग धरू नकोस. मिलिंद तुझी फार तारीफ करतो. आपल्या घरातल्या पोराचं लिहिलेलं साहेब लोक वाचतात, असं सूनबाईला, शीलाला, सारखं सांगत असतो. ती म्हणते, मग पगारवाढीचं पण त्याच्याकडूनच लिहून घ्या.

प्रकृतीला जप. आमचा लोभ आहे. असावा-बिसावा नाही, आहे.
तुझा काका,
रामभाऊ

बुवापाडा, अंबरनाथ
४ मार्च २०२४

ती. रामभाऊ काकांस,
सविनय जयभीम, वि. वि.

हे पत्र पहिल्यांदाच टपालाच्या पेटीत टाकतोय. हॉस्पिटलात मी तुमच्यासमोर उभा होतो. काकांना ऐकू येणार नाही, असं मनाला सांगितलं आणि निघून आलो. दादाच्या उजव्या हाताचा फक्त अंगठा राहिला, हे शीलावहिनींनी मला जिन्यात सांगितलं.

एका गोष्टीची काळजी करू नका. दादाचा हात ओढला गेला तेव्हा रोलरवर संरक्षक जाळी का नव्हती, याची चौकशी आहे. ती काढताना मी फायली घेऊन तिथेच होतो. फिटर ठेकेदाराचा होता, तो गावी निघून गेला. बाकीचे कामगार मान खाली घालून आहेत. म्हणून माझाच जबाब महत्त्वाचा, आणि हेड ऑफिसला तो इंग्रजीत हवा होता. मी तीनदा खर्डा केला. एकही स्पेलिंग चुकलेलं नाही. हरिचंद्र साहेब माझेही सुपरवायझर आहेत, तेव्हा त्यांचा अपमान होणार नाही अशा बेताने लिहिलंय: जाळी काढली गेली असावी असं वाटतं, कदाचित सूचनेवरून. सगळं आलंय त्यात. वाचणारे शिकलेले आहेत, ते समजून घेतील.

दादाला सांगा, विक्रांतने लिहून दिलंय. लोभ असाच राहू द्यावा.
आपला,
विक्रांत

बदलापूर
२ एप्रिल २०२४

चि. विक्रांत यास,
आशीर्वाद.

चौकशीचा कागद आला. शीलाने शेजारच्या पुष्करकडून त्याचं मराठी करून घेतलं. लिहिलंय, की एकमेव साक्षीदार कामगाराचा चुलतभाऊ असूनही जाळी कोणी काढली याबद्दल त्याला खात्री नाही. म्हणून मिलिंदने ती स्वतः काढली असं धरलंय. सुरक्षेचा नियम मोडला म्हणून कामावरून कमी केलंय.

मिलिंद दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतो. बाबा, मी जाळीला हात पण लावला नव्हता, एवढंच म्हणतो. त्याच्या ओठांवरून मला कळतं.

मी एकच विचारतो. तू पाहिलं होतंस की नव्हतं? हो की नाही, तेवढं लिही.

रामभाऊ

बुवापाडा, अंबरनाथ
९ एप्रिल २०२४

ती. काकांस,
जयभीम.

हो. पाहिलं होतं. माल अडकतो म्हणून हरिचंद्र साहेबांनी फिटरला जाळी काढायला सांगितली. दादा म्हणाला, साहेब, हात जाईल. साहेब म्हणाले, घाबरतोस तर घरी बस, बाहेर लाइन लागलीय. हॉस्पिटलात तुमच्यासमोर उभा होतो, तेवढ्याच जवळ मी तिथे उभा होतो.

कागद आल्याचं कळताच मी दुसरा जबाब दिला. त्यात एकही असावं नाही. मॅनेजर साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, की महिन्यापूर्वी खात्री नव्हती, आता कुठून आली? बदलापूरहून का? शिपायासकट सगळे हसले.

कॅम्प तीनमध्ये जाऊन जिज्ञासा मॅडमना गाठलं. त्यांनी माझा पहिला जबाब वाचला. म्हणाल्या, विक्रांत, मऊ करायचं ते आपलं मत. डोळ्यांनी पाहिलेलं मऊ करायचं नसतं. पुढच्याच आठवड्यात हे शिकवलं होतं मी, तू आलाच नाहीस.

पण काका, मी सगळा दोष क्लासवर टाकू शकत नाही. लिहिताना मला साहेबांचा मान आठवत होता की माझी नोकरी, हे मी रोज स्वतःला विचारतो. उत्तर येत नाही. येतं, पण ते मला ऐकवत नाही.

जाळी आता परत बसवलीय. दादाच्या जागी घेतलेल्या मुलाचं नेमणुकीचं पत्र मीच टाइप केलं. दादाने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. आई सांगते, बदलापूरला जाऊन पाय धर. मी स्टेशनपर्यंत येतो आणि परत फिरतो. तुम्ही बोलवाल तर येईन.

लोभ मागायचं तोंड नाही.
विक्रांत

बदलापूर
२८ एप्रिल २०२४

चि. विक्रांत यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मिलिंदला वाचून दाखवलं. त्या दिवशी तो जेवला.

शीला कॅम्प तीनमधून जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणते. काकूही बसते तिच्याबरोबर. मिलिंद डाव्या हाताने कात्री धरायला शिकतोय. कामगार कोर्टात अर्ज केलाय. वकिलांनी तुझा पहिला कागद दोनदा वाचून बाजूला ठेवला. काहीतरी निघेल, बहुधा.

तू दुसरा जबाब दिलास ते बरं केलंस, असं वाटतं. पोरं शिकताना चुकतात. तुझ्या मनात वाईट काही नसावं. माझ्याही मनात आता काही राहिलं नसावं. घरी ये, असं लिहायला बसलो होतो. एवढ्यात नको. पुढे कधीतरी, कदाचित.

पाकिटावरचा पत्ता मिलिंदने घातलाय, डाव्या हाताने. दोन पाकिटं वाया गेली, तिसऱ्यावर जमला. पोस्टमनला वाचता येईल, असं वाटतं.

आमचा लोभ असावा.
रामभाऊ