फ्रीजमागचं कारस्थान

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६
ऑफिसातली लॉकरं काढून घेतली. कारण दिलं जागेची टंचाई. माझ्या लॉकरात अठरा वर्षांच्या रोजनिश्या आहेत हे कोणाला तरी कळलेलं दिसतंय.

अठराच्या अठरा वह्या दोन पिशव्यांत भरून घरी आणल्या. हिने विचारलं काय आहे. ऑफिसची रद्दी म्हणून सांगितलं. विश्वास बसला.

जागा एक नंबर सापडली. फ्रीजच्या मागे. बावीस वर्षांचं जड धूड, कोण हलवतंय! वह्या जुन्या ब्लँकेटात गच्च गुंडाळल्या, मागच्या जाळीला टेकवून बसवल्या आणि फ्रीज भिंतीकडे रेटला. ही चालू वहीसुद्धा तिथेच. डावीकडच्या फटीतून फक्त माझा हात जातो. ऊबही छान असते, पानं दमट व्हायची भीती नाही.

संकल्प: रोज लिहायचं. कोणावर उगाच संशय घ्यायचा नाही.

५ मार्च, बुधवार
दूध नासलं. हिने आळ फ्रीजवर घेतला. मला दूधवाल्याचा संशय.

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात घेतलेला फ्रीज. बावीस वर्षांत तक्रार नाही आणि आज अचानक? काल ही भावाशी फोनवर पाऊण तास बोलत होती. मेहुणा कुठे नोकरीला आहे? शोरूममध्ये. काय विकतो? फ्रीज. समजायचं ते समजलो.

७ मार्च, शुक्रवार
लोणी पातळ झालं. हिला केकच्या ऑर्डरी असतात, तिचा सगळा कारभार त्या फ्रीजवर. पंधरा तारखेला वाचनालयाचा वर्धापनदिन. तीन मजली केक, साठ माणसं. हिची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. हा जमला तर दर महिन्याचं काम देऊ, असं त्यांच्या सेक्रेटरी बाई म्हणाल्यात.

ही म्हणाली, दुरुस्त करा नाहीतर नवा घ्या, पण काय ते वेळेत ठरवा. मग फ्रीजचं दार उघडून नुसतीच उभी राहिली. सहसा घाबरत नाही. मी म्हणालो, माझ्यावर सोड. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत भरवसा दिसला.

८ मार्च, शनिवार. सकाळी ११
मेकॅनिक येऊन गेला. आत हात घातला, बाहेरून कान लावला, म्हणाला कॉम्प्रेसर ठणठणीत आहे, जरा पुढे ओढू, मागे बघू. मी तिथेच सावध झालो. दार पुढे, दूध पुढे, याला मागे काय बघायचंय? म्हणे मागची जाळी गरम होते, तिला हवा खेळती लागते.

सांगितलं, मागची फरशी फुटलीय, ओढता येणार नाही. ही म्हणाली, फरशी कधी फुटली? नको तिथे प्रश्न.

चहा पाजून वाटेला लावला. पैसे देत होतो, नको म्हणाला. काही केलंच नाही तर पैसे कसले, म्हणे. अशा माणसांना फार जपून राहावं लागतं.

१० मार्च, सोमवार
दुसरा मेकॅनिक. मुद्दाम लांबच्या गल्लीतला, पहिल्याशी ओळख नसलेला. आत आला, चप्पल काढली आणि पहिलं वाक्य काय? साहेब, पुढे ओढू का? शब्द न शब्द तोच! टोळी आहे यांची.

आता तपास स्वतः करणार. गेली चोवीस वर्षं ऑफिसच्या स्टोअरमधला माल मोजतोय, एक खिळा इकडचा तिकडे झाला तर मला कळतो. हा तर फ्रीज.

११ मार्च, मंगळवार
अर्धी रजा. ताप बघायच्या थर्मामीटरने काही कळेना, म्हणून स्टोअरमधला आणला. दर पंधरा मिनिटांनी दार उघडून नोंद. दोन वाजता नऊ. तीनला अकरा. साडेचारला चौदा. बघत असताना वाढतंय म्हणजे हिंमत बघा! कोणीतरी आतलं बटण फिरवतंय. बटणावर पेन्सिलने बारीक खूण केली.

संध्याकाळी ७. खूण जागच्या जागी. म्हणजे फिरवणारा हुशार आहे.

ही म्हणाली, सारखं दार उघडू नका हो. हिला कसली भीती?

१२ मार्च, बुधवार
शोरूमवर पाळत ठेवायला गेलो. गॉगल, टोपी, ऑफिसातल्या शिपायाचा कोट. मेहुण्याने रस्त्याच्या पलीकडूनच दाजी अशी हाक मारली. कोणीतरी आधीच खबर दिली असणार.

कोल्ड्रिंक पाजलं. मी म्हणालो, दाखव तुझा सगळ्यात महागडा फ्रीज. तर म्हणतो, दाजी, उगाच नवा कशाला घेताय, जुनं मशीन आहे, अजून दहा वर्षं मरत नाही, फक्त मागून साफ करून घ्या.

हा विकणारा माणूस आणि विकत नाही! आणि यालाही मागचंच पडलंय!

घरी येताना सगळा उलगडा झाला. फ्रीज हे नुसतं निमित्त आहे. यांना माझ्या वह्या हव्यात.

निर्णय: तपास पूर्ण होईपर्यंत दुरुस्ती नाही, खरेदी नाही, फ्रीज एक इंचही हलणार नाही. जास्तीची खबरदारी म्हणून वह्यांच्या बाजूने दोन उशा कोंबल्या.

१४ मार्च, शुक्रवार. दुपारी ४
केक पडला.

सकाळी हिने तिन्ही मजले रचून फ्रीजमध्ये ठेवले होते. दार उघडलं तर वरचा मधल्यात बसलेला, मधला खालच्यात, आणि क्रीम भाज्यांच्या कप्प्यात. ही तिथेच जमिनीवर बसली. रडली असती तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाली, आठवडा होता तुमच्याकडे.

काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, माझा संशय तुझ्या भावावर आहे. हे आज बोलायला नको होतं.

संध्याकाळी ७.३०
शेजारच्या वहिनी धावत आल्या. स्वतःचा फ्रीज अख्खा रिकामा करून दिला. (त्यांना इतक्या लवकर कसं कळलं? जाऊ दे. आज नको.) ही पदर खोचून पुन्हा पहिल्यापासून कामाला लागली. मी क्रीम फेटून दिलं. हात खांद्यापासून गेलाय, पेन धरवत नाही.

भांडं चाटून बघितलं. खरं सांगतो, हिच्यासारखा केक जगात कोणी करत नाही. हिला बोललो नाही. डोक्यात हवा जायची. आजवर कधीच बोललो नाही, फक्त इथे लिहितो.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५
केक पोचला. एक तुकडा उरला नाही. दर महिन्याचं काम हिलाच.

तिथून ही परस्पर शोरूमला गेली आणि स्वतःच्या पैशांनी नवा फ्रीज बुक करून आली. मला विचारलंसुद्धा नाही. उद्या सकाळी दहाला येणार. जुना काढायला पहिला मेकॅनिक.

घाबरायचं कारण नाही. संकल्प: उद्या सगळ्यांच्या आधी उठून वह्या हलवायच्या. साडेपाचचा गजर लावला.

१६ मार्च, रविवार. दुपारी १
दहा वीसला जाग आली.

स्वयंपाकघरात ही, मेहुणा, मेकॅनिक, वहिनी. जुना फ्रीज खोलीच्या मधोमध. ओट्यावर उलगडलेलं ब्लँकेट, दोन उशा, अठरा वह्या. एकोणिसावी हिच्या हातात. म्हणजे हीच चालू वही.

मेकॅनिकने जुना फ्रीज तिथेच मोकळ्यावर चालू करून ठेवला होता. साडेअकराला ट्रेमधल्या पाण्यावर बर्फाची साय धरली. मेहुणा पंखा बघत होता. मेकॅनिक जाताना म्हणाला, साहेब, फरशी एकदम झकास आहे.

हिने वही मिटून माझ्या हातात दिली. काय काय वाचलं, विचारायची छाती झाली नाही.

१८ मार्च, मंगळवार. दुपारी ४
दोन दिवस बोलणं बंद. घरात आता दोन फ्रीज. नवा परत घेत नाहीत. जुन्यात क्रीम ठेवायला सुरुवात झाली, दगडासारखं घट्ट राहतं.

आत्ता हिने केकचा तुकडा समोर आणून ठेवला आणि समोरच उभी राहिली. खाल्ला. म्हणालो, बरा आहे. हलली नाही. म्हणालो, छान आहे. तरी हलेना. मग कळलं, कुठलं पान वाचलंय ते. शेवटी खाली मान घालून ते वाक्य मोठ्याने म्हटलं. कान तापले. ही हसली. किती वर्षांनी अशी हसली.

वह्यांसाठी नवी जागा शोधलीय. कुठे, ते इथेसुद्धा लिहिणार नाही. या वेळी कोणाच्या बापाला सापडणार नाही.

संध्याकाळी ७
ही इस्त्री करता करता म्हणाली, वॉशिंग मशीनच्या मागे नका ठेवू, तिथला पाइप गळतो.

जाऊन बघितलं. गळतो.