अजून दोन पावलं

खंडाळा,
३ जुलै २०२५

लाडक्या समीक्षास,

मामाची खूप खूप माया. खोकला गेला का? इकडे धुकं इतकं, की समोरचा बंगलाही दिसत नाही.

वर्गात आपल्या हिमालयातल्या तळ्याबद्दल सांगणार होतीस ना? पाणी तसं हिरवंनिळं का, हे तू विचारलं होतंस. हिमनदी सरकताना खालचा खडक दळत जाते. ती पिठासारखी भुकटी पाण्यात तरंगत राहते आणि उन्हात तसा रंग दिसतो. शिट्टी मारून बिळात पळणारा तो गुबगुबीत प्राणी म्हणजे मार्मोट. तू म्हणाली होतीस, "मामा, हितं पण कुणीतरी कुकर लावलाय!" आपल्या गाईड डोलमाताई किती हसल्या होत्या. दगडांच्या फटीतली पिवळी फुलं वर्षात जेमतेम दोन महिने दिसतात, हेही त्यांनीच सांगितलं.

हे फोनवर सांगता आलं असतं. पत्र वेगळ्याच गोष्टीसाठी लिहितोय. दोन पानं फाडून झालीत.

परत आलो त्या दिवशी तिकोणा पेठेत, तुमच्या ओसरीवर, मी सगळ्यांना सांगितलं की समीक्षा माझं न ऐकता बर्फावर पळाली. तू पाण्याचा तांब्या घेऊन उभी होतीस. नंदाताईनं विचारलं, "व्हय गं?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली. मग तू म्हणालीस, "व्हय. चुकलं माझं."

तेव्हापासून भाऊजींनी तुझं पवनेत पोहणं बंद केलं. गडावरसुद्धा जाऊ देत नाहीत म्हणे. हे मला ताईकडून कळलं, तरी मी आठवडाभर गप्प राहिलो.

घडलं ते असं. डोलमाताईंनी आपल्या दोघांनाही बजावलं होतं, की जूनमध्ये काठाचा बर्फ खालून पोकळ होतो, त्यावर पाय ठेवायचा नाही. त्या तंबूकडे वळल्या. मला मात्र तुझा व्हिडिओ हवा होता. तू बर्फावर, मागे निळं पाणी, वर हिमनदी. तू विचारलंस, "मामा, मोडणार न्हाई ना?"

"काही नाही होत. अजून दोन पावलं."

दुसऱ्या पावलाला कडकन आवाज झाला आणि तू छातीपर्यंत आत गेलीस. ओरडायलाही श्वास नव्हता तुला. दोन्ही हात बर्फावर पसरलेस, पाय मारत राहिलीस. कड पुन्हा मोडली. तू पुन्हा हात पसरलेस. डोलमाताई धावत आल्या, पोटावर आडव्या पडल्या, दोर फेकला. तो धरून तू बाहेर आलीस.

मी दहा पावलांवर होतो. हललो नाही. हाकही मारली नाही. हातातला फोन तसाच चालू होता.

तो भिजून बिघडला, असं मी सांगितलं होतं. तेही खोटं. आज तू शाळेत असताना मी पेठेत गेलो आणि ताई-भाऊजींपुढे तो व्हिडिओ लावला. त्यात माझा आवाज स्वच्छ ऐकू येतो. ताई मधूनच उठून आत गेली. भाऊजींनी शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "अमृत, पोरीनं तुझं नाव एकदाबी घेतलं न्हाई." फोन माझ्या हातात देत म्हणाले, "आता जा तू. पोहायला मीच नेतो तिला."

मी निघालो. तू घरी येईपर्यंत थांबायची हिंमत झाली नाही, म्हणून हे पत्र.

माझ्याबरोबर पुन्हा डोंगरात यायचं की नाही, ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मी कारण विचारणार नाही. पण घरी वा वर्गात कुणी विचारलं, तर मला झाकू नकोस. मामानं पाठवलं आणि मामा उभा राहिला, हेच सांग.

तू बर्फाला धरून राहिली होतीस तेव्हा नुसता बघत राहिलेला,
तुझा
अमृतमामा