कापडातलं तळं

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

पत्र नाही, म्हणजे साइटवर धूळ खात असशील. एवढा इंजिनिअर झालास, पण डबा अजून घरीच विसरतोस, हे तुझ्या मंडळींकडून कळलं.

वाचनालयाच्या बाईंनी मोठ्या दालनासाठी माझ्याकडे भिंतभर कापडचित्र मागितलंय. मी घरामागचं तळंच घेतलं. पाण्याला जुन्या छत्रीचं कापड, बगळ्याला उशीचा अभ्रा. पाणमांजरं मात्र छळतात. ओली असताना त्यांची पाठ कशी चकाकते, ते एकाही चिंधीत सापडत नाही. टाकायचे कपडे असतील तर पाठव.

शेजारणी नव्या रस्त्याविरुद्ध सह्या गोळा करत होत्या. तो तळ्याच्या पलीकडून जाणार, पाण्याला धक्का लागणार नाही, असं त्या रस्त्याच्या कामावरचा माझा भाऊच म्हणतो, हे मी ठणकावून सांगितलं. तेव्हा कुठे त्या थांबल्या.

लहानग्यांना पापा. आठवण ठेव.

तुझी ताई

दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाठोडं पाठवलंय. त्यात मंडळींचा तपकिरी सॅटिनचा झगा आहे, पाणमांजरांना चालेल बहुतेक. माझं साइटवरचं नारिंगी जाकीटही टाकलंय, बाही उसवलेलं.

पुढचं लिहायला हात रेटत नाही. रस्त्याची आखणी बदलली. पलीकडची टेकडी फोडण्यापेक्षा तळं बुजवणं सोपं, असं वरच्यांनी ठरवलं. मी बैठकीत विरोध केला. पटत नसेल त्याने दुसरं काम बघावं, असं साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. मग नकाशावर मीही सही केली.

काम सुरू होईपर्यंत कुणाला बोलू नकोस. माझ्या नोकरीवर येईल. मुलं लहान आहेत, ताई.

माया कमी करू नकोस.

तुझा धाकटा

दि. ११ मार्च

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी गप्प बसले होते. कात्री हातात घेतली तरी काही कापवेना. मग समोरच्या शिक्षिकाबाईंनी, तुमच्या भावामुळे तळं वाचलं हो, असं म्हणत माझा हात हातात घेतला. तेव्हा नाही राहवलं. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी हात सोडवून घेतला. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत, पण सह्या पुन्हा सुरू झाल्या.

ट्रक मात्र सह्या पुऱ्या होण्याआधीच आले. ज्या काठाखाली पाणमांजरांची बिळं होती, तिथेच पहिली माती पडली. मी खिडकीतून पाहत होते.

चित्र पूर्ण झालं. तुझ्या जाकिटाचे मी ट्रक केले आणि काठावर ओळीने शिवले. दालनाच्या उद्घाटनाला तुझे साहेब येणार आहेत, तेवढे ट्रक उसवा, अशी विनवणी वाचनालयाच्या बाईंनी केली. उसवायचं तर सगळं चित्रच उतरवा, असं मी म्हटलं. शेवटी त्यांनी ते तसंच टांगलं.

तुझं काय होईल या विचाराने जेवण जात नाही. उत्तर लिही, शिव्या दिल्यास तरी चालेल.

ताई

दि. ९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साहेबांनी चित्र पाहिलं, खाली आपलं आडनाव वाचलं आणि मला बोलावलं. बातमी कुणी फोडली, असं विचारलं. माझ्या सख्ख्या बहिणीने, असं मी सांगितलं. आता गोदामात सिमेंटची पोती मोजतो. घरी मंडळी तुझं नाव काढत नाहीत. मलाही तुझा राग आला होता, अजून आहे. तुला तळं सांभाळायचं होतं, मला घर.

काल कुणाला न सांगता, तुलाही न भेटता, तुमच्या वाचनालयात येऊन गेलो. चित्रासमोरच्या बाकावर बराच वेळ बसलो. पाठ चकाकते गं पाणमांजरांची.

सह्यांमुळे अर्धं तळं न बुजवता सोडायचं ठरलंय, असं ऐकतो. खरं का?

धाकटा

दि. २० एप्रिल

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

खरं आहे. अर्धं राहिलं. पाणकोंबड्या परतल्या. पाणमांजरं दिसत नाहीत. रोज सकाळी बघते.

तू गोदामात बसलास तो माझ्यामुळे, हे मला कळतं. तरी पुन्हा वेळ आली तर मी सांगेनच, हेही तुला खोटं न बोलता कळवते. त्या नकाशावरच्या सहीचा मलाही राग आहे. पण असा पत्रांतून राग धरणं मला जमत नाही. मंडळींना आणि मुलांना घेऊन ये. माझ्यासमोर बसून भांड.

तोवर लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ताई