महारुद्रने माझा उंबरा ओलांडू नये

मी, मथुराबाई पि. कोंडिबा, वय बावन्न, धंदा शिवणकाम, राहणार मुरुम, तालुका उमरगा, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. कोणाचं दडपण नाही असं लिहायची रीत आहे. मी खरं लिहिते. नवरा महारुद्र आणि दीर आण्णासाहेब यांचं दडपण आहे, आणि ते न जुमानता लिहिते. बाईच्या नावापुढे भ्रताराचं नाव लागतं, ते मी लावलेलं नाही; बापाचं लावलं आहे. ज्याने बोचकं हातात देऊन हाकललं, त्याला माझ्या नावात फुकट राहू देणार नाही.

१. माझी मिळकत म्हणजे दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढचं अंगण आणि शिवणयंत्र. मोठ्या दुष्काळात पाझर तलावावर माती उपसून आणि पुढे गावाचे ब्लाउज शिवून हे मी केलं. सासरचा त्यात खडासुद्धा नाही. आण्णासाहेब दूध संस्थेचे चेअरमन; त्यांना ही जागा संस्थेसाठी हवी आहे. महारुद्रला वकिलाने सांगितलंय की बाई बिनलेकराची मेली तर सगळं नवऱ्याला जातं. तो माझ्या मरणाची वाट बघत बसला आहे. म्हणून हा कागद.

२. भांडणाचं मूळही लिहिते, म्हणजे मागून मला कोणी भोळी म्हणणार नाही. दोन वर्षांमागे पुण्याच्या प्रेमाताई कॅमेरा घेऊन आल्या. बाईच्या अंगाला काय हवं असतं आणि ते मागितलं की तिचं काय करतात, यावर त्या माहितीपट काढत होत्या. मी बोलले. नवऱ्याने टाकलं म्हणून माझं अंग मेलं नव्हतं; एक माणूस मला आवडला, मी त्याला घरी बोलावलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही, असं बोलले. शिवाय म्हटलं, मला मूल नाही म्हणून दुसरी आणली, तिलाही झालं नाही. दोन्ही रानांत उगवलं नाही, तरी बियाणं तपासायला कोणी गेलं नाही.

आमच्याकडे तोवर माहितीपट म्हणजे जर्सी गाय, नाहीतर युरिया. प्रेमाताई तयार माहितीपट गावात दाखवायला घेऊन आल्या, तेव्हा आण्णासाहेबांनी तसंच काही धरलं. दर घरातून एक बाई आलीच पाहिजे, नाहीतर दूध घेणार नाही, अशी दवंडी दिली. हार घालून घेतला, पुढची खुर्ची धरली आणि भाषण ठोकलं, "बायांनो, ध्यान देऊन बघा, अन् घरी जाऊन तसंच करा!" मग पडद्यावर माझं तोंड आलं. मशीन बंद करायला ते धावेपर्यंत बियाण्याचं वाक्य बोलून झालं होतं आणि अख्खं पटांगण हसत होतं. माझी सवत दगडाबाईसुद्धा तोंडात पदर कोंबून हसली. घरी गेल्यावर महारुद्रने तिला बैलाच्या चाबकाने मारलं.

प्रेमाताईंना माझ्याकडून काही नाही. मी सगळं हसत हसत सांगितलं होतं. त्यांनी माझं हसू कापलं आणि मी चुलीपाशी डोळे पुसते ते ठेवलं. तो धूर होता. पुण्याच्या बाईला टाकलेली बाई रडकीच हवी होती.

३. पुढे आण्णासाहेब स्टॅम्पपेपर घेऊन आले. प्रेमाताईंनी मला फसवून बोलायला लावलं, एवढं मी लिहून द्यायचं होतं.

"वहिनी, सही करा. गाव इसरंल."

"गावानं इसरावं म्हनून म्या बोलले न्हाय."

तेव्हापासून मथुराबाईकडे ब्लाउज टाकायचा नाही असा त्यांचा हुकूम आहे. त्यांच्याच लेकीच्या लग्नाचे ब्लाउज मागच्या दाराने आले आणि मी शिवून दिले. राहिला तो माणूस. त्याचं नाव मी कॅमेऱ्यापुढे घेतलं नाही, इथेही घेत नाही. ज्यांना एकमेकांवर संशय घ्यायचा आहे, त्यांनी खुशाल घ्यावा.

४. मी मेल्यावर सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या आणि नवऱ्याच्या हातचं कुंकू, हे सगळं घेऊन महारुद्र येईल आणि मोठ्याने रडेल. त्याने मला हात लावायचा नाही. अग्नी शेजारीण शरणम्माने द्यावा. ती तयार आहे. ज्याला हे पटणार नाही त्याने घरी बसावं.

५. घर, अंगण आणि शिवणयंत्र मी दगडाबाईला देते.

मायेने देत नाही. माझ्या आईने मला लग्नात घातलेली पुतळ्यांची माळ घालून ती मांडवात उभी राहिली होती. तिला मी आजवर ज्या शिव्या दिल्या, त्यातली एकही मागे घेत नाही. पण चाबकानंतर ती फाटलेला ब्लाउज घेऊन माझ्याकडे आली. मी तिची पाठ बघितली. म्हटलं, "शिवून देते, पन हेच घालून परत त्याच्याकडंच जानार का?"

ती म्हणाली, "जाऊ कुठं, आक्का? मला कुठं घर हाय?"

ते मला सहन झालं नाही. आजही होत नाही.

आता महारुद्रच्या वकिलासाठी. त्याने दुसरं लग्न केलं ते अठ्ठावन्न साली. त्याआधीच एक बायको जिवंत असताना दुसरी करायला कायद्याने बंदी आली होती. त्या मांडवात पोलीस पाटीलही जेवून गेले, तरी कायदा तो कायदा. म्हणजे महारुद्र दगडाबाईचा कोणी लागत नाही. माझ्या मागे नवरा म्हणून तो घर मागू शकला असता. तिच्या मागे त्याला मागताच येणार नाही. त्याने मला टाकून जे केलं, त्यानेच त्याचं दार बंद झालं.

हे मी दगडाबाईला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अन् त्यो दारात येऊन बसला तर, आक्का?"

मी म्हटलं, "बसू दे. तू आतून कडी लाव."

या कागदावर मी दोन साक्षीदारांसमोर सही केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही, शिव्या मात्र मिळतील.

सही: मथुराबाई पि. कोंडिबा

साक्षीदार:
१. शरणम्मा, शेजारीण (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२. मच्छिंद्र, प्राथमिक शिक्षक (सही)

मुरुम, ता. ११ मार्च १९८६