नऊवारीतला चढ

बाई,

काल सकाळी आमच्या घरासमोरून सायकलवाल्यांचा एक घोळका गेला. डोक्यावर रंगीत टोपरी, डोळ्यांना काळे चष्मे, आणि सायकली अशा की एका हातानं उचलून खांद्यावर टाकाव्यात. मी फाटकाशी दात घासत उभा होतो. त्यांच्यातली एक मुलगी थांबली, बाटलीतलं पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "आजोबा, चढ कुठून सुरू होतो हो?" मी हात करून दाखवला, तिकडं, चिखल्याच्या बाजूला. "खूप आहे का?" तिनं विचारलं. माझ्या अगदी ओठावर आलं होतं की अगं, आमच्या मराठीच्या बाई हेडमास्तरांच्या दांड्याच्या सायकलवरून, आईचं लुगडं नेसून हा चढ चढल्या, तुला काय झालंय? पण तोंडात मंजन असलेल्या म्हाताऱ्यानं एवढं बोलू नये. "कविता येत असली की सोपा आहे," एवढंच मी म्हणालो. ती हसली, आणि गेली. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही आहात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्यापेक्षा मीच वयानं मोठा झालो आहे. तरी लिहायला बसलो तर पाठ आपोआप ताठ झाली.

कोंढ्याच्या शाळेत असताना डोंगर मी फक्त कवितेत पाहिला होता. आमच्याकडं जिकडं बघाल तिकडं धानाच्या बांध्या, भाताची खाचरं. उंच म्हणजे काय, तर तलावाची पाळ. पुस्तकात डोंगर आला की मी खिडकीबाहेर बघत बसायचो, आणि तुमचा खडू नेमका माझ्या कपाळावर यायचा. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं असेल तेव्हा, जिल्ह्यातल्या शाळांची सायकलफेरी निघणार असं कळलं. भंडाऱ्याहून तुमसर, तिथून चिखल्याच्या मँगनीज खाणीकडून डोंगरातून वळसा घालून आंबागडला किल्ल्याच्या पायथ्याशी मुक्काम. आमच्यासारख्या आडगावच्या शाळेला पहिल्यांदाच बोलावलं होतं. नियम दोनच: प्रत्येक चमूसोबत एक शिक्षक सायकलवर हवा, आणि चमूतलं कोणीही, थकलेल्यांसाठी मागून येणाऱ्या ट्रकात बसलं की अख्खा चमू बाद. आम्ही पाच पोरं निवडली गेलो. मी पाचवा, कारण सहावा कोणी तयारच नव्हता. आणि दिवाळीनंतर लगेच आमच्या खेळाच्या सरांची बदली झाली. हेडमास्तरांना दमा, गणिताच्या सरांना मूळव्याध. हेडमास्तर वर्गात येऊन म्हणाले, "पोरंहो, यंदा राहू द्या." लंबू, आमच्यातला सगळ्यात दमदार, बाकावर डोकं ठेवून रडायला लागला. तेव्हा तुम्ही फळा पुसत होता. पाठमोऱ्याच म्हणालात, "मी जाते." हेडमास्तर हसले. "बाई, तुमाले सायकल येते?" तुम्ही वळलात. "येत नाही. येईल."

रागात किंवा जिद्दीत असलात की तुमची भाषा पुस्तकातून उतरून सरळ आमच्या गल्लीत यायची. एरवी 'तुला', 'मला', शुद्ध. पण त्या दिवशी संध्याकाळी तलावाच्या पाळीवर सायकलच्या दांड्याकडं बघून तुम्ही म्हणालात, "हे कोन्या रेड्यासाठी बनवलं आहे बे?" लेडीज सायकल अख्ख्या गावात नव्हती. हेडमास्तरांची सायकल मिळाली, तीही ते उपकार केल्यासारखं घंटी वाजवून देऊन गेले. लंबू पुढून हँडल धरतो आहे, मी मागून कॅरिअर धरून पळतो आहे, आणि तुम्ही भीती वाटली की पाय मारणंच सोडून देता आहात. पाय थांबले की सायकल थांबते, सायकल थांबली की तुम्ही आमच्या अंगावर. बायका घागरी घेऊन थांबायच्या. "बाई वो, या वयात काहून हाडं मोडून राहिल्या?" असं एकीनं विचारलं, तर तुम्ही धापा टाकत म्हणालात, "मोडली त मोडली. या वयात मोडली तरच लोक बघाले येतेत."

मग एक दिवस तुम्ही मला म्हणालात, "कविता म्हण." मला वाटलं शिक्षा आहे. पण नाही. ओळीच्या ठेक्यावर तुमचा उजवा पाय, डावा पाय, उजवा, डावा पडायला लागला. कविता चालू तोवर पाय चालू. वर्गात चाळीस वर्षं (शिकण्याची आणि पुढं मास्तर होऊन शिकवण्याची मिळून सांगतो) वृत्त शिकलो, शिकवलं, पण वृत्त म्हणजे काय ते मी त्या पाळीवर कॅरिअर धरून पळताना शिकलो. हळूहळू मी कॅरिअर सोडून बाजूनं पळू लागलो, मग बाजूनं माझी सायकल चालवू लागलो. आणि एका संध्याकाळी पाण्यावर बगळे उतरले. पांढरेशुभ्र, एका ओळीत. मी बघतच राहिलो आणि ओळ माझ्या तोंडातून गळाली. कविता थांबली, तुमचे पाय थांबले, आणि तुम्ही हेडमास्तरांच्या सायकलसकट उतारावरून थेट तलावात. पाणी कमरेएवढंच होतं, पण शिंगाड्याचे वेल भरपूर. तुम्ही वर आलात तेव्हा खांद्यावर वेल, अंबाड्यात वेल. शिंगाडे काढणारा म्हातारा डोंग्यातून ओरडला, "बाई, माल तोडू नका, अजून तयार नाही झाला!" लंबू हसून लोळला. तुम्ही मात्र माझ्याकडं बघितलंत. "विसरला?" "हो बाई." "म्हणजे ते तुझं नव्हतंच. पाठ केलेलं माणूस विसरते. आपलं झालेलं विसरत नाही." बास, एवढंच. खडू असता तर बरं झालं असतं.

त्या रात्रीचं जेवण तुमच्याकडं झालं, कारण ओल्या कपड्यांनी तुम्हाला घरी पोचवायला आम्हीच होतो. तुमचं घराणं विणकरांचं. तुमच्या आई चुलीपुढं बसलेल्या, भाकरी थापता थापता तुमच्याकडं न बघता म्हणाल्या, "पोरी, पातळाचा घोळ चाकात जाते म्हणून पडून राहिली तू." तुम्ही म्हणालात, "कवितेमुळं पडली." त्या उठल्या, पेटीतून आपलं हिरवं नऊवारी लुगडं काढलं, घरच्याच मागावर विणलेलं, लाल काठाचं. "हे नेस. कासोटा घाल. आमी यातच धानाचे रोवने केले, यातच झाडावर चढलो. दांडा काय अन् फांदी काय." तुम्ही पाचवारी नेसणाऱ्या, डी.एड. झालेल्या बाई, आईसमोर लहान पोरीसारख्या उभ्या राहिलात. दुसऱ्या दिवशी त्या लुगड्यात तुम्ही पाळीवर आलात, आणि खरंच, पहिल्यांदाच मोकळ्या बसलात. फक्त चढणं आणि उतरणं तेवढं एकटीनं जमेना. चढताना कोणी धरायचं, थांबताना कोणी झेलायचं. निघेपर्यंत ते जमलंच नाही.

पुढं चाचणी परीक्षा आली. तुम्ही सांगितलं, "आठवडाभर सायकली शाळेच्या व्हरांड्यात ठेवा, आराम द्या, अन् चांगलं तेल पाजा." चांगलं तेल! आमच्या घरात चांगलं तेल म्हणजे जवसाचं. भाजी त्यातच, चटणीवर तेच, डोक्याला लागलं तरी तेच. घरी जवसाचं तेल असताना मशीनचं तेल विकत कोण आणतो? पाचही पोरांनी आपापल्या घरून वाटीभर आणून साखळीला, चाकांच्या आसांना, पायडलला मनापासून पाजलं. हेडमास्तरांच्या सायकलला जास्त, मान म्हणून. निघायच्या आदल्या दुपारी बघतो तर साखळ्या गुळाच्या ढेपेसारख्या घट्ट. पायडल फिरेना. लंबूनं जोर केला तर साखळी कडकडून ताठ उभी राहिली. तुमच्या आई बघायला आल्या होत्या, त्यांनी वास घेतला आणि कमरेवर हात ठेवून हसत सुटल्या. "अरे बापा! हे त दरवाज्याले लावतेत, चमकून वाळासाठी. तुमी सायकलीले वार्निश केलं!" आम्ही माना खाली घातल्या. तुम्हीसुद्धा, कारण तुम्हालाही ते माहीत नव्हतं. मग तुम्ही घरी गेलात आणि स्टोव्हसाठी ठेवलेलं, रेशनचं सगळं रॉकेल घेऊन आलात. घमेल्यात साखळ्या बुडवल्या, नारळाच्या शेंडीनं घासल्या, दिवस मावळायच्या आत चाकं पुन्हा गरगर फिरायला लागली. महिनाभर तुम्ही चुलीत काड्या फुंकून चहा केला हे मला नंतर कळलं.

फेरीचा दिवस आठवतो तो थंडीचा, आणि रॉकेलच्या वासाचा. भंडाऱ्याहून निघताना इतर शाळांची पोरं आमच्याकडं बघून खिदळत होती. "बघ बे, झाशीची रानी!" तुम्ही ऐकलंत, मान ताठ केलीत आणि लंबूला म्हणालात, "धर रे घोडा." मोहाडी गेली, तुमसर गेलं. सपाटीवर तुम्हाला आता कविता लागत नव्हती. ट्रक शेजारून गेला की तेवढ्या दोन ओळी पुरायच्या. तुमसरच्या पुढं रस्ता काळपट झाला, खाणीच्या मालाची धूळ. आणि झाडांच्या वर ते उभं होतं. बाई, मी पहिल्यांदा डोंगर पाहिला तेव्हा मला वाटलं, हा कवितेतल्यापेक्षा फार जवळ आहे.

चढ सुरू झाला. आम्ही ठरवल्याप्रमाणं तुमच्याभोवती, तुमच्या वेगानं. पहिल्या वळणावर एका मोठ्या शाळेचे सर उतरून ट्रकात बसले, त्यांची पोरं रडकुंडीला येऊन थांबली. ट्रकवाला आमच्या मागंमागं येत ओरडत होता, "बाई, बसा ना, जागा हाय!" तुम्ही पाय मारत राहिलात. उत्तराला श्वास नव्हता. आणि थांबलात तर त्या चढावर पुन्हा बसता येणार नाही, हे आम्हा सहाही जणांना ठाऊक होतं. "म्हण," तुम्ही म्हणालात. मी सुरू केलं. पण पुस्तकातल्या ओळी लांब, आणि त्या चढावर माझा श्वास आखूड. ओळ अर्ध्यात तुटायची, ठेका चुकायचा, तुमचं पुढचं चाक हलायचं. दुसऱ्या वळणावर सगळंच डोक्यातून पुसलं गेलं. तसंच, बगळ्यांच्या वेळी झालं होतं तसं. तुमचा पाय वर जाऊन थांबू लागला. ट्रक अगदी मागं आला. आणि मला कळायच्या आत माझ्या तोंडातून आलं, श्वासात मावेल तेवढंच:

वाट म्हणे थांब थांब
चाक म्हणे पुढे चल
डोंगरा रे, सांग तरी
कुणाच्यात किती बल

तुमचा पाय पडला. उजवा, डावा. मी पुन्हा तेच म्हटलं. लंबूनं उचललं, मग बाकीच्यांनी. पाच फाटके आवाज, एक ठेका. वर खाणीकडं जाणारा मालट्रक थांबला, त्यातल्या मजूर बाया फळीवर उभ्या राहून ओरडायला लागल्या, "हान वो बाई, हान!" वळण, पुन्हा वळण, हिरवं लुगडं घामानं काळं झालेलं, आणि मग रस्ता एकाएकी सपाट झाला आणि समोर नुसतं आभाळ. आम्ही पाचही जण सायकली टाकून गवतात आडवे झालो. आणि कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही की बाईंना झेलायचं आहे! डोळे उघडले तर तुम्ही त्या मोकळ्या जागेत गोल गोल फिरता आहात, घंटी वाजवत, "अरे धरा बे कोनी, मले थांबता येत नाही!" मागून वर आलेल्या मालट्रकातल्या बाया टाळ्या वाजवताहेत, आणि तुम्ही हसता आहात. तुम्हाला तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. लंबू उठला खरा, पण तुम्हाला धरलं नाही. त्यानं तुम्हाला अजून एक फेरा मारू दिला.

शिक्षकासकट पूर्ण पोचलेले चमू आंबागडला मोजकेच होते, आणि त्यांत आमचा. ज्या पोरांनी झाशीची राणी म्हटलं होतं ती तुमच्या सायकलला हात लावून बघत होती. संध्याकाळी किल्ल्याच्या पायथ्याशी पिठलं-भात खाताना तुम्ही मला जवळ बोलावलंत. "ती शेवटची कविता कोणत्या पुस्तकातली रे? मला आठवत नाही." मी म्हणालो, "मलाही नाही आठवत, बाई." तुम्ही माझ्या ताटात आपल्यातलं पिठलं वाढलंत. "बरं. पुस्तक सापडलं की दाखव."

मी पुढं मास्तर झालो, तुमसरलाच बदली मागून घेतली, तो डोंगर दिसावा म्हणून. ऐंशीच्या दशकात माझीही पोरं त्याच रस्त्यानं नेली आणि त्याच ओळींवर चढवली. त्यांनीही विचारलं, पुस्तक कोणतं. आता जिना चढतानाही मी त्याच म्हणतो, आणि आजवर एकदाही विसरलो नाही. तेव्हा पुस्तकाचं तुम्हाला कळलं असेलच. तुम्हाला बहुधा त्या पिठल्याच्या वेळीच कळलं होतं.

हे पत्र कुठं टाकणार? घडी करून माझ्या जुन्या सायकलच्या सीटखाली ठेवतो आहे. एकच सांगायचं राहिलं. पाचवी ओळ मी फार शोधली, कितीतरी हिवाळे शोधली, पण सुचली नाही. चढ तेवढाच होता, बाई.