फ्रीजवरची डबी

आई,

डबी फुकट मिळाली. पण तिच्यापायी माझी झोप उडाली, घास उतरेना, आणि काल तुझ्या नातीशी खोटं बोललो.

वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत हॉस्पिटलची माणसं आलेली. आतड्याचा कॅन्सर लवकर पकडता येतो का, याचा अभ्यास चाललाय त्यांचा. डॉक्टरीणबाईंनी सोपं करून सांगितलं. पोटात जंतूंचं विरजणच असतं म्हणे. गाठ धरायला लागली की त्यातले काही माजतात, शौचाच्या नमुन्यात त्यांची खूण दिसू शकते. अजून पक्कं नाही, पण खूण दिसली तर दुर्बिणीने तपासायचं. विरजण म्हटल्यावर मला तूच दिसलीस. दह्याचं झाकण उघडून वास घेणार, "उद्या आंबेल हे, आजच कढी करते." मानपाड्याला वर्कशॉप टाकलं तेव्हा तू विरजणाचीच स्टीलची डबी हातात ठेवली होतीस. आमच्याकडे अजून तेच लागतं.

नमुन्याची डबी घ्यायला कोणी पुढे येईना, तेव्हा चेअरमन म्हणून मी उठलो. "अरे, मशीनचा आवाज बदलला की आपण लगेच खोलतो ना? मग पोटाचीच लाज कसली? पहिली डबी माझी."

तळमजल्यावरचे काका म्हणाले, "चेअरमन, उद्घाटनाला नारळ आणू का?" सगळे हसले, आणि डब्या भराभर संपल्या.

माझे कान तिखट, तुला माहीत आहे. कल्याणच्या चाळीत पहाटे तू मोरीतला नळ मोठा सोडायचीस, तरी त्याखाली कपडा घासल्याचा आवाज मला अंथरुणात ऐकू यायचा. एकदा उठून बघतो तर पाणी लालसर. "उष्णता झालीय रे. झोप तू." डॉक्टरांकडे गेलीस तोवर लिव्हरपर्यंत पोचलं होतं.

गेले काही दिवस मीही नळ मोठा सोडतोय. काल लेक बाथरूमच्या दाराशी येऊन म्हणाली, "पप्पा, एवढं काय धुताय?"

"काही नाही गं. उष्णता झालीय."

ती दारापासून हलली नाही. कान माझ्यावरच गेलेत तिचे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तर लिहिता आलं. तिला सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

सोसायटीतल्या सगळ्यांच्या डब्या गेल्या, काकांचीसुद्धा. माझी फ्रीजवर आहे. कोरी.