ती तीट नव्हती

अकोला, मंगळवार, सायंकाळ

स्वस्ति श्री ज्वरगजकेसरी, कवककुलांतक, बालरुग्णविभागाधिपती अस्मादिक आज एका मातेचे ऋणी आहेत.

रक्तकर्करोगाच्या औषधांनी प्रतिकारशक्ती क्षीण झालेली तिची जुई, आणि प्रतिजैविकांना न जुमानणारा ज्वर. नाकपुडीजवळचा काळा ठिपका विजेरीच्या मंद उजेडात आम्हांस तीट वाटला. तीट! कुठे गेले होते पांडित्य?

दर्यापूरची ती माउली गरजली, "डाक्टरसाहेब, थे तीट नोय. मी लावलीच नाई. पुसून पायलं, निंगत नाई."

त्याच दिवशी त्या ठिपक्याचा तुकडा काढून तपासला. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसले. तत्काळ शस्त्रक्रिया व औषध. आज, दहाव्या दिवशी, ज्वर उतरला. जुईच्या गालावर काळा ठिपका पाहून मी दचकलो, तर माता हसली, "आज मीच लावली, साहेब."

विजेरीला नवे सेल मात्र अद्याप नाहीत. भांडारपाल म्हणतो, आधी जुने जमा करा.